‘भूल सोसेल ना?’

घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाची शस्त्रक्रिया ठरली, की प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपेक्षा भुलेचीच धास्ती अधिक वाटू लागते. गुडघा बदलायचा असो, हर्निया असो वा प्रोस्टेट. ‘या वयात भूल सोसेल ना?’ असे कोणीतरी विचारतोच. मग ऐकीव गोष्टी निघतात. कोणाचे तरी ऑपरेशन उत्तम झाले, पण अर्धे अंग लुळे पडले ते पडलेच! ही भीती निराधार नाही. शस्त्रक्रिया चालू असताना किंवा नंतरच्या तीस दिवसांत पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. मात्र आपल्या भीतीचा सगळा रोख भुलेवर राहतो आणि ज्या गोष्टी खरोखर आपल्या हाती असतात, त्या विचारायच्याच राहून जातात.

प्रथम धोका केवढा, ते पाहू. हृदय, मेंदू आणि मानेतील मुख्य रक्तवाहिन्या वगळून इतर शस्त्रक्रियांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण साधारणपणे हजारात एक ते दहा रुग्ण इतके असते. हृदयावरील शस्त्रक्रियांत ते याहून बरेच अधिक असते. वय वाढते तसा धोका वाढतो. ज्यांना पूर्वी पक्षाघात किंवा त्याची तात्पुरती चाहूल येऊन गेली आहे, ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे, त्यांना तो अधिक असतो. आणखी एक गोष्ट ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. यांतले बरेचसे झटके शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतच नाहीत. रुग्ण शुद्धीवर येतो, चहा घेतो, नातवंडांशी बोलतो आणि दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी त्याची जीभ जड होते.

असे का होते? यातील बहुतेक झटके मेंदूतील रक्तस्रावाने नव्हे, तर रक्तपुरवठा तुटल्याने येतात. शरीरावर शस्त्र चालले की रक्तस्राव थांबवण्यासाठी रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि ती काही दिवस वाढलेलीच राहते. त्यातच रक्त पातळ ठेवणारी नेहमीची गोळी शस्त्रक्रियेसाठी थांबवलेली असते. उपवासाने आणि उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झालेले असते, रक्तदाब कधी खाली जातो, वेदनेने आणि ताणाने हृदयाची लय बिघडू शकते. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला एवढे निमित्त पुरते. भूल या साखळीतली एक कडी आहे. तीही मुख्यतः रक्तदाबाच्या वाटेने.

‘संपूर्ण भूल नको, फक्त कमरेखालची द्या’ हा आग्रह अनेक घरांत धरला जातो. शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदू सुरक्षित राहिला, असा त्यामागचा समज. या समजाची कसून परीक्षा झालेली आहे, आणि तीही मेंदूला रक्त पुरवणाऱ्या, मानेतील मुख्य धमनीच्या शस्त्रक्रियेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गाला’ नावाच्या चाचणीत अनेक देशांतील ३५२६ रुग्ण होते. काहींना संपूर्ण भूल दिली, काहींना केवळ मानेचा भाग बधिर करून जागे ठेवले. तीस दिवसांत पक्षाघात, हृदयविकाराचा झटका वा मृत्यू यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४.८ टक्के, तर दुसऱ्यात ४.५ टक्के निघाले. म्हणजे लक्षणीय फरक नाहीच. खुब्याच्या अस्थिभंगाच्या १६०० रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, २०२१ मधील चाचणीतही कमरेखालची भूल घेतलेले रुग्ण साठ दिवसांनंतर जगण्यात वा चालण्यात सरस ठरले नाहीत.

मणक्यातून दिलेल्या भुलेनेही रक्तदाब उतरतो, कारण पायांतील रक्तवाहिन्या सैल पडतात. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मणक्यात सुई घातली, तर मज्जारज्जूजवळ रक्त साकळण्याचा धोका असतो. म्हणून यांतल्या काही गोळ्या, केवळ शस्त्रक्रियेला लागल्या असत्या त्याहून अधिक काळ बंद ठेवाव्या लागतात. पक्षाघात टळावा म्हणून कमरेखालच्या भुलेचा हट्ट धरायचा आणि त्या हट्टापायी पक्षाघातापासून राखणारी गोळी जास्त दिवस बंद ठेवायची, असे उलटे गणित होऊन बसते. काही रुग्णांना हीच भूल अधिक योग्य असते, हेही खरे. फुप्फुसे फार कमजोर असतील तर भूलतज्ज्ञ स्वतःच ती सुचवतात. कोणती भूल द्यावी, हे त्यांच्यावर सोपवावे. आपण त्यांना जी माहिती द्यायची, ती मात्र पुरी द्यावी.

आपल्याकडे ‘फिटनेस’चा कागद मिळाला की कुटुंब निश्चिंत होते. पण तो कागद रुग्णाच्या कपाटातल्या गोळ्यांइतका बोलका नसतो. भूलतज्ज्ञांना भेटायला जाताना सर्व गोळ्या वेष्टनांसह पिशवीत घालून न्याव्यात; काढे, चूर्णे आणि कोणी सुचवलेल्या शक्तीच्या गोळ्याही त्यातच असाव्यात. विशेष महत्त्व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, असेनोकुमारॉल, डॅबिगाट्रान, अपिक्साबान ही त्यांची प्रचलित नावे. प्रत्येकीचा नियम निराळा. वॉरफेरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, नवीन गोळ्या बहुधा एक ते तीन दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे अंतर वाढते. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियेला बहुतेक वेळा गोळी थांबवावी लागत नाही. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने तर हृदयतज्ज्ञांना विचारल्याखेरीज एकही गोळी बंद करू नये. ‘ऑपरेशन आहे, म्हणून आठवडाभर आधीच बंद केली’ असे रुग्ण सहज सांगतात तेव्हा भूलतज्ज्ञांच्या कपाळावर आठी चढते, ती उगाच नव्हे.

एक तपासणी आपण घरीच करू शकता. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहा. ठोके घड्याळासारखे पडतात, की मध्येच घाईने, मध्येच अडखळत, कोणताही मेळ न राखता? वृद्धापकाळात आढळणारी ‘एट्रियल फिब्रिलेशन’ ही लयबिघाडाची अवस्था कित्येकदा रुग्णाला जाणवतही नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि तीच मेंदूकडे जाते. नाडी अनियमित लागली तर तसे स्पष्ट सांगावे. ईसीजीने खुलासा होतो.

पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल, तर किती महिने झाले याला फार महत्त्व आहे. डेन्मार्कमध्ये चार लाख ऐंशी हजारांहून अधिक पूर्वनियोजित शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया केली, तर धोका कैकपटींनी जास्त होता. सुमारे नऊ महिन्यांनी तो स्थिरावला. तरीही पूर्वी पक्षाघात न झालेल्यांच्या पातळीला तो पूर्णपणे आला नाही. म्हणून थांबता येण्याजोगी शस्त्रक्रिया निदान सहा, शक्य तर नऊ महिने लांबवावी, असा सल्ला आता दिला जातो. गुडघा बदलण्याची तारीख मुलगा परदेशातून केव्हा येणार यावर ठरवण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. पक्षाघात होऊन चारच महिने झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तिला मुरड घातलेली बरी.

याच्या नेमके उलट, खुब्याचे हाड मोडले असेल तर थांबणे घातक. न्हाणीघरात घसरलेल्या आजींना ‘जरा सावरू द्या, मग बघू’ म्हणून आठवडाभर अंथरुणात ठेवले, तर फुप्फुसांचा जंतुसंसर्ग, पायांत गुठळ्या आणि जखमा यांची रांगच लागते. प्रकृती अगदीच अस्थिर नसेल तर अशी शस्त्रक्रिया पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत व्हावी. कर्करोग किंवा आतड्याचा पीळ यांनाही सहा महिन्यांचा नियम लागू होत नाही. तेथे दोन धोके तराजूत घालावे लागतात, आणि ते वजन डॉक्टरांनी आपणांसमोर मोकळेपणाने मांडावे, अशी अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही.

रक्तदाबाविषयी एक धडा वैद्यकशास्त्राला महाग पडला. शस्त्रक्रियेच्या ताणापासून हृदयाचे रक्षण व्हावे म्हणून काही तास आधी मेटोप्रोलॉल ही गोळी सुरू करून पाहावी, या कल्पनेची ‘पॉईज’ नावाची मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत ८३५१ रुग्ण होते. हृदयविकाराचे झटके खरोखरच कमी झाले. पण पक्षाघाताचे प्रमाण हजारी पाचावरून दहावर गेले आणि एकूण मृत्यूही वाढले. तेव्हापासून ही गोळी शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्याने सुरू करत नाहीत. जे ती आधीपासून घेत आहेत, त्यांची मात्र बंदही करत नाहीत. आपल्यापुरता अर्थ असा की, आदल्या रात्री काळजीने रक्तदाब चढलेला दिसला, तर आपल्या मनाने जादा गोळी देऊ नये. सकाळी कोणत्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि कोणत्या टाळायच्या, हे भूलतज्ज्ञांकडून लिहूनच घ्यावे. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सहसा चालूच ठेवतात. टेल्मिसार्टनच्या वर्गातल्या गोळ्यांचा निर्णय रुग्णागणिक बदलतो.

उपवासाचेही तसेच. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही न देणारी घरे अजून आहेत. जड नसलेले अन्न सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, असा सर्वसाधारण नियम आहे. मधुमेह किंवा पोटाचा विकार असल्यास तो बदलतो, म्हणून विचारावे. तहानेने कोरडा पडलेला वृद्ध देह भूल देताच रक्तदाब सोडतो.

आता शस्त्रक्रियेनंतरचे दिवस. येथे रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाइतका चांगला पहारेकरी दुसरा नाही, कारण ‘हे नेहमीसारखे बोलत नाहीत’ एवढी गोष्ट ओळखायला रुग्णाला आधीपासून ओळखावे लागते. परिचारिकेने त्यांना कालच पाहिले आहे. आपण चाळीस वर्षे पाहत आला आहात. खोलीत पाऊल टाकले की हसायला सांगावे, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगावे, एखादे पूर्ण वाक्य बोलायला लावावे. ओठाचा एक कोपरा खाली, एक हात सुटून पडणारा, शब्द अडकणारे किंवा भलतेच येणारे, नजर एकाच बाजूला वळलेली, यांपैकी एकही गोष्ट अचानक दिसली तर त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवावे आणि नीट बोलल्याची शेवटची वेळ सांगावी.

यात चकवे आहेत. कवळी काढलेली असली की बोलणे अस्पष्ट वाटते. म्हणून कवळी, चष्मा आणि श्रवणयंत्र डॉक्टरांची परवानगी मिळताच लगेच परत द्यावे. वेदनेसाठी हाताची वा पायाची नस बधिर केलेली असू शकते. कोणता अवयव किती तास जड राहील, हे आधीच विचारून ठेवावे. वृद्धांना शस्त्रक्रियेनंतर भ्रमही होतो. ते रात्री बरळतात, सलाईन उपसतात, सकाळी पुन्हा बरे असतात. भ्रमात सहसा दोन्ही बाजूंचे हातपाय सारखेच हलतात. तरीही भ्रम की झटका, हे ठरवण्याचे काम आपले नव्हे. सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘भूल अजून उतरली नसेल, झोपू द्या’. हल्लीच्या भुलेतून रुग्ण बहुधा लवकर जागा होतो आणि सांगितलेले ऐकतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची जीभ अडखळली, तर दोष भुलेच्या माथी मारता येत नाही.

वेळेला एवढे महत्त्व का? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे ते सहसा टाळतात, कारण जखमेतून रक्तस्राव होईल. म्हणून ‘ऑपरेशन झालेले आहे, आता काही करता येणार नाही’ असे एखादवेळी ऐकायला मिळते. ते पुरते खरे नाही. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी मांडीतून वा मनगटातून नेलेल्या नळीने ओढून काढता येते, आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतही हा उपाय शक्य असतो. निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंत करतात, पण जितका लवकर तितका मेंदू वाचतो. ही सोय सर्व रुग्णालयांत नसते. धोका जास्त असलेल्या रुग्णासाठी रुग्णालय निवडतानाच ‘येथे नसेल तर कोठे पाठवाल?’ हे विचारून ठेवावे.

काही झटके कोणालाच दिसत नाहीत. पासष्टी ओलांडलेल्या १११४ रुग्णांचे शस्त्रक्रियेनंतर एमआरआय काढले, तेव्हा शंभरातल्या सात जणांच्या मेंदूत नव्या झटक्याची खूण सापडली, जरी बाहेरून लक्षण एकही नव्हते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभराने त्यांच्यातील ४२ टक्क्यांची, तर इतरांतील २९ टक्क्यांची आकलनशक्ती घटलेली आढळली. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात बँकेचा हिशेब चुकू लागला, ओळखीची वाट आठवेना, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांच्या कानावर घालावे.

घरी निघताना डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. प्रतिजैविके, वेदनाशामके, पित्ताची गोळी हे सारे त्यावर असते. शस्त्रक्रियेपूर्वी थांबवलेली रक्त पातळ करणारी गोळी मात्र कधी कधी लिहायची राहून जाते, आणि कार्डावर नाही म्हणून घरचे ती देत नाहीत. ‘कोणत्या तारखेपासून, किती आणि किती वाजता?’ हे विचारून तेथेच लिहून घ्यावे. पुढच्या तीस दिवसांत तोंड वाकडे झाले वा हात गळून पडला, तर ओळखीच्या डॉक्टरांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा, सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि शस्त्रक्रियेची तारीख दारातच सांगावी.