घरातली यंत्रणा : लेखांक १२ : गिझर बदलताना

विजेचा साठवणीचा गिझर बदलण्याची वेळ बहुधा एकाच कारणाने येते : आतली टाकी फुटते. कॉइल जळणे, थर्मोस्टॅट बिघडणे, दिवा न लागणे ही दुखणी सुटे भाग बदलून बरी होतात. टाकीला पडलेले छिद्र बुजत नाही. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. तिला अ‍ॅनोड म्हणतात. टाकीच्या पोलादाऐवजी ती स्वतः झिजत राहते आणि ती संपली की गंज टाकीकडे वळतो. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत कांडी लवकर संपते, शिवाय कॉइलवर क्षारांचे पापुद्रे चढतात. दर दोनेक वर्षांनी कांडी पाहून बदलली तर टाकीचे आयुष्य वाढते. पण सर्व्हिसिंगला आलेला माणूस ती आपणहून दाखवील या भरवशावर राहू नये. ती मागून पाहावी लागते.

पाणी नेमके कोठून गळते ते आधी ठरवावे. तळाच्या पत्र्यातून किंवा वायर शिरते त्या भोकातून पाणी येत असेल आणि आतला कॉइलचा वॉशर ठीक असेल, तर टाकी गेली. इनलेटवरच्या व्हॉल्व्हमधून गिझर तापताना चार थेंब पडत असतील, तर गिझर उत्तम चालला आहे. त्या व्हॉल्व्हचे काम पुढे येईलच.

नव्या गिझरचे माप ठरवणे सोपे आहे. बादलीने आंघोळ करणाऱ्या घराला १५ लिटर पुरतात. शॉवर आणि लागोपाठ आंघोळी असतील तर २५. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण एक युनिट वीज लागते, म्हणजे दोन किलोवॉटच्या कॉइलला अर्धा तास. पाण्याचा दाब मात्र बहुतेक जण विचारतच नाहीत. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब वाढतो. वीस मजली इमारतीची टाकी गच्चीवर असेल आणि मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर पहिल्या मजल्यावरच्या नळाला सहा बारपर्यंत दाब मिळतो. अशा ठिकाणी गिझरच्या पट्टीवर ८ बार किंवा ०.८ मेगापास्कल लिहिलेले असले पाहिजे. प्रेशर पंप बसवलेल्या बंगल्यालाही हेच लागू.

जुना गिझर आदल्या रात्रीपासून बंद ठेवावा आणि उतरवण्याआधी मुख्य पेटीतला एमसीबी पाडावा. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये ते बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लागलेले सापडते. मग थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करायचा. आता गरम पाण्याचा नळ सोडला की टाकी रिकामी होईल असे वाटते, पण होत नाही. थंड पाणी टाकीच्या तळाशी शिरते आणि बाहेर जाणारी नळी आत माथ्यापर्यंत गेलेली असते. खालून रेटा असल्याशिवाय वरचे पाणी निघत नाही. म्हणून टाकी इनलेटच्या बाजूनेच रिकामी करावी लागते. व्हॉल्व्हची दांडी उचलायची किंवा नळी सोडवायची, खाली बादली धरायची आणि आत हवा जावी म्हणून गरम नळ उघडा ठेवायचा. हे न करता गिझर खांद्यावर घेणाऱ्याच्या अंगावर पंचवीस किलो पाण्याचे जादा वजन येते.

तेवढेच वजन भिंतीवरही येते. भरलेला २५ लिटरचा गिझर पस्तीस किलोंच्या वर जातो. जुन्या बोल्टांचे अंतर नव्या पट्टीशी क्वचितच जुळते, त्यामुळे भोके नवीन पाडावी लागतात. विटांच्या भिंतीत साधा अँकर फास्टनर चालतो. हलक्या एएसी ब्लॉकमध्ये तो जागच्या जागी फिरतो. तिथे केमिकल अँकर लागतो किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट. फॉल्स सीलिंगच्या वर गिझर लपवायचाच असेल तर खाली उघडता येईल असे झाकण ठेवावे, नाहीतर अ‍ॅनोडसाठी एकदा आणि व्हॉल्व्हसाठी एकदा पीओपी फोडावे लागते.

जुन्या इमारतींत वेळ खाते ती जीआय पाइपची जोडणी. गंजलेल्या निपलला एकच पाना लावून जोर केला की ती भिंतीच्या आत तुटते आणि टाइल फोडायची पाळी येते. एका पान्याने एल्बो धरून दुसऱ्याने निपल फिरवावी. लाइन नव्याने टाकायची असेल तर गरम पाण्याला सीपीव्हीसी. हा क्रीम रंगाचा पाइप नव्वद अंशांच्या आसपासचे पाणी सोसतो. पांढरा यूपीव्हीसी साठच्या पुढे भरवशाचा नाही. गिझरच्या तोंडाशी पितळी आट्यांचा जोड आणि त्यापुढे सीपीव्हीसी ही रीत चांगली. आट्यांना टेफ्लॉन टेप लावावा. सोल्युशनचा जोड डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्यावा. ‘लगेच पाणी सोडा, काही होत नाही’ हे वाक्य ज्या प्लंबरकडून ऐकू येते, त्याला पुन्हा बोलवावे लागते.

नव्या गिझरबरोबर खोक्यात एक छोटा व्हॉल्व्ह येतो. जुना ‘चांगलाच आहे’ म्हणून तो पुष्कळदा खोक्यातच राहतो. या इवल्याशा पितळी तुकड्यात तीन कामे आहेत. गच्चीवरची टाकी कोरडी पडली तरी गिझरमधले पाणी उलटे थंड लाइनमध्ये जाऊ न देणे हे पहिले. पाणीकपातीच्या दिवसांत याची किंमत कळते. टाकी उतरली आणि कॉइल उघडी पडली की ती जळते. दुसरे काम, दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पाणी बाहेर सोडणे. पंचवीस लिटर पाणी २५ वरून ७५ अंशांवर गेले की अर्ध्या लिटरहून थोडे जास्त फुगते. परतीची वाट बंद असल्याने ते फुगलेले पाणी येथूनच थेंबाथेंबाने पडते. तिसरे काम दांडी उचलून टाकी रिकामी करण्याचे. थेंब पडतात म्हणून या तोंडाला बूच मारणे म्हणजे थर्मोस्टॅट अडकल्यावर टाकी फाटण्याची सोय करणे होय. व्हॉल्व्ह थंड पाण्याच्या तोंडावरच बसतो, त्याच्या आणि टाकीच्या मध्ये कोणताही कॉक नको, आणि त्याच्या तोंडाला लावलेली नळी मोरीपर्यंत उघडीच राहिली पाहिजे.

विजेचे थोडक्यात. दोन किलोवॉटला सुमारे नऊ अँपिअर लागतात आणि तीन किलोवॉटच्या इन्स्टंट गिझरला तेरा; म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र लाइन, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आधी टाकी भरायची. गरम नळातून हवेचे फुत्कार थांबून अखंड धार आली की मगच बटण.

गॅस गिझरची गोष्ट वेगळी, आणि येथे जोडणीपेक्षा वाऱ्याला जास्त महत्त्व आहे. जुन्या तांब्याच्या बंबाला धुरासाठी मधोमध स्वतःचे नळकांडे असे, आणि बंब पुष्कळदा परसात पेटे. गॅस गिझर धूर दाखवत नाही, म्हणून तो थेट न्हाणीघरात टांगला गेला. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गिझर तासाला जवळजवळ एक किलो एलपीजी जाळतो, आणि एक किलो एलपीजी पूर्ण जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत तीन घनमीटरांहून जास्त हवा खर्ची पडते. चार फूट बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा सव्वासहा घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर जवळपास निम्म्या हवेतला प्राणवायू संपतो. त्याच्या कितीतरी आधी ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीत वासासाठी मिसळलेले द्रव्यही ज्योतीत जळून जाते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, पायांतले बळ जाते, आणि आतून लावलेली कडी काढणे होत नाही.

म्हणून असा गिझर बदलताना त्याची जागाही बदलावी. ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेला, आणि तिथून सीपीव्हीसीने पाणी आत. जागा बदलणे जमत नसेल तर विजेचा घ्यावा. न्हाणीघरात जाळी आणि एक्झॉस्ट फॅन बसवून भागवण्याचा मार्ग सुचवण्याजोगा नाही. नुसता फॅन तर घातकही ठरतो. आत येणाऱ्या हवेला वाट नसली की फॅन धुराड्यातली जळकी हवा उलटी खोलीत ओढतो. बाल्कनीला काचा लावून ती बंद केली असेल तर तीही खोलीच समजावी : जमिनीलगत एक आणि वर एक अशा कायम उघड्या जाळ्या, आणि धुराडे बाहेरपर्यंत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खालच्या जाळीतून निघतो. धुराडे आखूड आणि कमीत कमी वळणांचे असावे, आणि ते इमारतीच्या डक्टमध्ये सोडू नये. त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात.

पाइप गॅस आलेल्या घरात एलपीजीचा जुना गिझर तसाच जोडता येत नाही. गॅस वेगळा, दाब वेगळा, जेटही वेगळे. वरच्या मजल्यावर गच्चीची टाकी डोक्यावर दोन मीटरच असेल तर बऱ्याच गॅस गिझरांतला गॅसची वाट उघडणारा पडदा तेवढ्या दाबाने उचलला जात नाही आणि बर्नर पेटतच नाही.

जोडणी झाली की प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून गळती पाहावी. फुगे नसतील तरच पेटवावे. ज्योत निळी हवी. पिवळी टोके हवा कमी पडल्याची खूण. पाच मिनिटे चालू देऊन बंद बाल्कनीच्या काचा लावाव्यात, घरातून बाल्कनीत येणारे दार मात्र उघडे ठेवावे, घरातले एक्झॉस्ट फॅन आणि चिमणी सुरू करावी, आणि पेटती अगरबत्ती गिझरच्या वरच्या फटीशी धरावी. धूर आत ओढला गेला तर धुराडे काम करते आहे. तो खोलीकडे परतला तर गॅस बंद करावा आणि धुराडे दुरुस्त होईपर्यंत गिझर वापरू नये.