राजाविना मिशन : केटरिंगची वर्गणी

गेल्या आठवड्यात आपण तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर होतो. १७०६ मध्ये तिथे उतरलेल्या मिशनरी त्सीगेनबाल्गच्या पाठीशी डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक होता. आजच्या गोष्टीत राजा नाही. २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंगमध्ये, एका विधवाबाईंच्या घराच्या मागच्या खोलीत चौदा जण जमले. बहुतेक लहान गावांतले बाप्टिस्ट पाळक. परदेशी सुवार्ता नेण्यासाठी त्यांनी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापली आणि वर्गणीचे आकडे घातले. कुणी दोन गिनी, कुणी एक, कुणी अर्धी. आकड्यांच्या चिठ्ठ्या अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत गोळा झाल्या असं सांगतात. बेरीज भरली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स, आणि तीही वचनांची! फुलर चिटणीस झाले आणि मरेपर्यंत पैशांसाठी गावोगाव हिंडले.

या सगळ्यामागे होता विल्यम कॅरी. आधी जोडे शिवणारा, मग लेस्टरचा पाळक. त्याच वर्षी त्याची ८७ पानांची पुस्तिका निघाली होती. तिच्यातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. व्यापारी कंपन्या माणसं निवडतात, भांडवल उभारतात, जहाजं धाडतात. मग धर्मकार्यासाठी तशीच मंडळी का उभी राहू नये? ज्याची ऐपत कमी, त्याने आठवड्याला एक पेनी द्यावी. राजाच्या मर्जीवर चालणारं काम इथे सामान्य वर्गणीदाराच्या खिशावर उभं राहिलं.

आणि ज्या कंपन्यांचा नमुना कॅरीने समोर ठेवला, त्यांच्यातल्याच ईस्ट इंडिया कंपनीने त्याची वाट अडवली. परवाना नाही म्हणून १७९३ मध्ये त्याला इंग्रजी जहाजावरून उतरावं लागलं. तो डॅनिश जहाजाने बंगालला पोचला. १८०० साली त्याने बस्तान हलवलं तेही कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, डॅनिश हद्दीत.

तिथे जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड त्याचे साथीदार होते. मार्शमन दांपत्याच्या शाळा, वॉर्डचा छापखाना आणि फोर्ट विल्यम कॉलेजातला कॅरीचा पगार, सारी कमाई एकाच थैलीत पडे. त्या कॉलेजात कॅरी मराठीही शिकवी. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये कोश काढला. कोशातली मराठी मोडीत छापली होती. मराठी छपाईच्या इतिहासात कॅरीचं नाव आदराने घेतलं जातं. वैजनाथांचंही तितक्याच आदराने घेतलं पाहिजे.

१८१५ मध्ये फुलर गेले आणि कुरबुरी वाढल्या. इंग्लंडमधल्या नव्या समितीचा सवाल होता की सेरामपूरची मालमत्ता कुणाची आणि हिशेब कुणाला द्यायचा? सेरामपूरकरांचं म्हणणं, हे आम्ही कमावलंय, आम्ही विश्वस्त आहोत. मला त्यांचं पटतं. इतक्या दूरच्या कामाचा रोजचा कारभार इंग्लंडमधून हाकणं अवघडच. पण पेनी-पेनी देणाऱ्यांनी हिशेब मागितला, यात गैर ते काय? १८२७ मध्ये सोसायटी आणि सेरामपूरकर वेगळे झाले. १८३४ मध्ये कॅरी वारला, आणि १८३७ मध्ये पुन्हा जुळवाजुळव झाली.

पुढच्या आठवड्यात, १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी.