हँडलवरचा वाटाड्या

किचनमधला चॉपिंग बोर्ड, सायकलची जुनी ट्यूब, दोन यू-बोल्ट आणि एक मोकळा रविवार... बाइकसाठी जीपीएस माउंट घरच्या घरी बनतो. थोडं डोकं आणि भरपूर पेशन्स मात्र हवा!

पत्ता विचारणं हा आपल्याकडे एकेकाळी सोशल इव्हेंट होता. गाडी साइडला घ्यायची, हेल्मेटची काच वर करायची आणि पानटपरीवरच्या काकांना विचारायचं. काका म्हणायचे, ‘सरळ जा.’ शेजारचा म्हणायचा, ‘सरळ कशाला, डावीकडून शॉर्टकट आहे की!’ आणि तिसऱ्याचा प्रश्न ठरलेला, ‘कुणाकडे जायचंय?’ आता ही सगळी कामं फोनमधली एक न दिसणारी बाई करते. ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ म्हणाली की वळायचं. प्रश्न एवढाच, की या बाईंना बसवायचं कुठे?

कारवाल्यांचं बरं असतं. डॅशबोर्ड आहे, काच आहे, एसी आहे. बाइकवाल्यांचे उपाय मात्र एकापेक्षा एक! कुणी फोन हेल्मेटच्या आत कानाशी कोंबतो, कुणी मागे बसलेल्याला नॅव्हिगेटर बनवतो, कुणी दर चौकात थांबून खिशातून फोन काढतो. आणि सगळ्यात डेंजरस प्रकार म्हणजे डाव्या हातात फोन आणि उजव्या हातात गाडी.

आमच्या घरी हा प्रश्न यातूनच सीरियस झाला. माझी धाकटी बहीण मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे. सासवड, जेजुरी, भोर, शिरवळ असा तिचा एरिया. महिन्यातले वीस-बावीस दिवस ती आणि तिची दीडशे सीसीची मोटरसायकल. मागच्या वर्षी कापूरहोळच्या पुढे एका नव्या क्लिनिकचा रस्ता शोधत होती. फोन डाव्या हातात, समोर वळण, वळणावर बारीक खडी. क्लच दाबायला हातच मोकळा नव्हता. गाडी घसरली, मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी आईने जाहीर केलं, ‘ती गाडी विकून टाक. बसने फिर, नाहीतर ऑफिसातलं काम बघ.’

‘दादा, तू तरी सांग ना हिला!’ बहिणीचा चेहरा रडवेला. तिचंही खरं होतं. डॉक्टर भेटतात ते ओपीडी संपल्यावर, रात्री नऊला. त्या वेळी आडगावातून कुठली बस मिळणार? गाडी गेली की एरिया गेला, एरिया गेला की इन्सेन्टिव्ह गेला आणि स्वतःच्या पगारातून हप्ते भरून घेतलेली गाडीही गेली. शेवटी आई एका अटीवर तयार झाली. दोन्ही हात कायम हँडलवर. तशी सोय होणार असेल तर गाडी राहील.

सोय करायची जबाबदारी अर्थातच दादाची!

विकत का नाही घेतला?

पहिला प्रश्न सगळ्यांनी हाच विचारला. माउंट बाजारात मिळतात की. अगदी दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. पण स्वस्तातल्या स्प्रिंगवाल्या क्लिपा पाहिल्या, तर खड्ड्यात गाडी आपटल्यावर त्या फोन धरून ठेवतील यावर माझा विश्वास बसेना. महागडे चांगले असतात, पण त्यांच्यासोबत त्यांचंच खास कव्हर घ्यावं लागतं. शिवाय बहिणीच्या गाडीच्या हँडलवर जागा थोडी आणि तिचा फोन परातीएवढा. म्हटलं, मापाने शिवून घेऊ!

मापं घेण्याआधी थोडा अभ्यास केला आणि दोन गोष्टी कळल्या. पहिली नजरेची. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणजे नकाशाकडे दोन सेकंद पाहिलं तर ३३ मीटर आपण आंधळे! तीन एसटी बस एकापुढे एक उभ्या कराव्यात एवढं हे अंतर. त्यामुळे फोन स्पीडोमीटरच्या जवळ, रस्त्यापासून नजर कमीत कमी खाली येईल असा हवा. टाकीवर नको आणि मांडीवर तर नकोच नको.

दुसरी गोष्ट थरथरीची. बाइकचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे मारतं, तेव्हा हँडलला सेकंदाला शंभर बारीक हादरे बसत असतात. आजकालच्या बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात फोटो हलू नये म्हणून लेन्सच तरंगती ठेवलेली असते. या नाजूक यंत्रणेला असे हादरे सतत बसले तर कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा २०२१ मध्ये खुद्द अ‍ॅपलनेच आयफोनवाल्यांना दिला होता. म्हणजे फोन नुसता घट्ट आवळून भागत नाही. त्याला गादीही लागते.

शॉपिंग टाइम

शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. आधी नाना पेठ, मग बोहरी आळी. पुण्यात राहून बोहरी आळीत न हरवलेला माणूस विरळाच! मुंबईकरांनो, तुमच्यासाठी नागदेवी स्ट्रीट आणि लॅमिंग्टन रोड आहेच.

‘काका, २२ एमएमच्या पाइपला बसतील असे दोन यू-बोल्ट द्या ना.’

‘काय लावताय?’

‘बाइकच्या हँडलला मोबाइल.’

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘मग नायलॉकचे नट घेऊन जा. साधे लावलेत तर आठवड्यात रस्त्यावर वेचत बसाल.’

हा सल्ला लाखमोलाचा निघाला. नायलॉक नटच्या तोंडाशी नायलॉनची रिंग असते. ती आट्यांना घट्ट धरते, त्यामुळे थरथरीने नट सैल होत नाही. आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक साध्या बाइकचं हँडल २२ मिलिमीटर जाडीचं असतं, पण ‘बहुतेक’वर जाऊ नका. व्हर्निअर नसेल तर हँडलभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. शाळेतलं गणित असं कामाला येतं, बघा!

बाकी सामान घरातलंच. बेस म्हणून आईचा पांढरा प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड ‘उधार’ घेतला. हा बोर्ड बहुतेक वेळा पॉलिथिलीनचा असतो. पाण्याने फुगत नाही, गंजत नाही आणि साध्या करवतीने कापता येतो. फक्त त्याला कुठलाही गोंद धड चिकटत नाही, त्यामुळे सगळी जोडणी नट-बोल्टनेच करायची. शिवाय धातूसारखा तो जीपीएसचा सिग्नलही अडवत नाही.

चला, कामाला लागू

बोर्डचे दोन तुकडे कापले. एक छोटा, ९ बाय ६ सेंटिमीटरचा. दुसरा फोनच्या मापाचा, चहूबाजूंनी अर्धा सेंटिमीटर जास्त. कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या.

छोटा तुकडा हँडलवर बसतो. हँडलभोवती आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, म्हणजे पकड येते आणि हँडलला ओरखडे पडत नाहीत. मग खालून दोन यू-बोल्ट घातले, वरून वॉशर आणि नट. बोल्टची वर आलेली टोकं हॅक्सॉने कापली.

आता गादी. माझ्या डोक्यात आधी जनरेटरखाली असतात तसले रबरी पाय होते. पण ते पन्नास-शंभर किलोच्या मशिनसाठी बनवलेले असतात. पाव किलोच्या फोनखाली ते दगडासारखेच! रबर मऊ असेल तरच हादरे वरपर्यंत पोचत नाहीत. म्हणून ड्रोनच्या कॅमेऱ्याखाली लावतात ते मऊ सिलिकॉनचे पोकळ बॉल आणले. हॉबी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. दोन्ही तुकड्यांना चार कोपऱ्यांत भोकं पाडून मधे चार बॉल बसवले. हे बॉल ओढले की निसटतात, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही तुकड्यांमधून एकेक केबल टाय ओवला. तो सैल ठेवायचा. आवळला तर गादीचा उपयोगच संपला.

वरच्या तुकड्यावर योगा मॅटचा तुकडा आणि खालच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलची छोटी पायरी. फोन त्या पायरीवर उभा राहतो. मग ट्यूबच्या दोन सेंटिमीटर रुंद दोन रिंगा कापल्या आणि फोनच्या चार कोपऱ्यांवरून फुलीसारख्या ओढून मागच्या हुकांत अडकवल्या. पॉवर आणि आवाजाची बटणं दाबली जात नाहीत ना, हे आधीच बघा. नाहीतर ऐन घाटात स्क्रीन बंद!

आणि सगळ्यात शेवटी आमचा विमा. ऑफिसच्या आयडी कार्डची जुनी दोरी! तिचं एक टोक फोनच्या कव्हरला, दुसरं हँडलला. सगळं निसटलं तरी फोन लोंबकळेल, रस्त्यावर पडणार नाही.

टेस्ट राइड

पहिली टेस्ट गाडी उभी असतानाच केली. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. माउंट टाकीला लागत नाही ना? क्लचची केबल अडकत नाही ना? किल्ली घालता येते ना? स्पीडोमीटर दिसतो ना? दुसरी टेस्ट सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर आणि तीही माझा जुना, कपाटात पडलेला फोन लावून. तिसरी दिवे घाटात. सासवडला पोचून पाहिलं, नट जागच्या जागी, फोन जागच्या जागी!

त्या जुन्या फोनवरूनच एक आयडिया सुचली. रोज लावायला असलाच फोन बेस्ट. कॅमेऱ्याची काळजी नाही, पडला तरी रडू येत नाही. नवा फोन बॅगेत ठेवायचा आणि त्याचा हॉटस्पॉट जुन्याला द्यायचा. बहीण आता तेच करते.

नेटवर्क गेलं तर?

ताम्हिणीसारख्या घाटात रेंज गेली की लोक म्हणतात, ‘जीपीएस बंद पडलं.’ नाही हो! जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागतच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल आपला फोन नुसता ऐकतो आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. नेटवर्क लागतं ते नकाशा डाउनलोड करायला. म्हणून निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. गुगल मॅप्समध्ये टू-व्हीलर मोडही निवडा. डिसेंबर २०१७ मध्ये तो आपल्या भारतातच आधी आला.

आणि पोलीसमामांचं काय? गाडी चालवताना हातातलं मोबाइलसारखं साधन फक्त रस्ता पाहण्यासाठी आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने वापरता येईल, अशी दुरुस्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. म्हणजे नकाशा चालेल, चॅटिंग नाही!

निघण्यापूर्वी एवढं बघाच

• पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाका. बदलायचा असेल तर आधी थांबा.

• वळणं कानाने ऐका, डोळ्यांनी फक्त खात्री करा. कॉल आणि मेसेजची नोटिफिकेशन्स बंद ठेवा.

• चार्जिंग हवं असेल तर वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. किल्ली बंद केली की करंट बंद होईल अशा वायरवरून आणि मधे फ्यूज टाकून. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा चार्जर बारा व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम एक अँपिअर घेतो, त्यामुळे दोन अँपिअरचा फ्यूज पुरतो.

• एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून बंद पडतो. सिग्नलला थांबल्यावर त्यावर रुमाल टाका.

• पावसात झिपवाली पिशवी चालेल, पण ओल्या स्क्रीनवर बोट नीट चालत नाही. म्हणून रूट आधीच लावून ठेवा.

• दर रविवारी नट तपासा. ट्यूबच्या रिंगा उन्हाने तडकतात, त्या दर सहा महिन्यांनी बदला.

सगळं सामान चारशे रुपयांच्या आत बसलं. बहीण पुन्हा भोर-शिरवळ करते. रात्री साडेदहाला गेट वाजलं की आई अजूनही आधी तिची मनगटं बघते, मग ताट वाढते. काही बोलत नाही. तिच्या कंपनीतल्या दोघांनी ‘आम्हालाही बनवून द्या ना’ म्हणून ऑर्डर दिली आहे.

हिशेब मात्र अजून पूर्ण व्हायचाय. आईने चॉपिंग बोर्डचे पैसे मागितलेत... आणि म्हणते, या वेळी जरा मोठा आण!