गोड्या पाण्याचे सागर

अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेला समुद्र कोठेच लागत नाही. तरीही तेथील लोकांच्या बोलण्यात दोन सागर नेहमी येतात. राहुरी तालुक्यात मुळा नदीवरील धरणाचा जलाशय तो ज्ञानेश्वरसागर. आणि पैठणजवळ गोदावरी अडवून बांधलेल्या जायकवाडी धरणाचे पाणी नेवासे व शेवगाव तालुक्यांत पसरले आहे, तो नाथसागर. नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, पैठणास एकनाथ राहत. त्यांची नावे या पाण्याला मिळाली. जायकवाडीचे उद्‌घाटन १९७६ साली झाले. पूर्वी नदीच्या डोहांत मासे धरणाऱ्या भोयांपुढे असे पाणी आले, की त्याचा पैलतीर धूसर दिसावा.

कोकणातील कोळी भरती-ओहोटी पाहून होडी लोटतो; चंद्राच्या तिथीवर त्याच्या वेळा ठरतात. जलाशयाला भरती-ओहोटी नाही. तो पावसाळ्यात फुगतो आणि कालव्यांना पाणी सुटू लागले, की त्याचा काठ हळूहळू मागे सरकतो. आज जेथे जाळे बुडते, तेथे काही आठवड्यांनी चिखल असतो.

पूर्वी खोल पाण्यात जाण्यासाठी वाळलेले भोपळे एकत्र बांधून सांगड करीत. दोन गोष्टी जुळवण्याला आपण 'सांगड घालणे' म्हणतो, तो शब्द या पाण्यावरचाच होय. आता अनेक ठिकाणी थर्माकोलचा तराफा किंवा हवा भरलेली रबरी ट्यूब भोपळ्यांच्या जागी आली आहे. त्यावर एकच माणूस बसतो व हातांनी पाणी मागे लोटीत जातो. वारा सुटला, की हे हलके वाहन वाटेल तिकडे भरकटते. म्हणून आभाळ पाहिल्यावाचून जाणता मच्छीमार काठ सोडीत नाही.

सायंकाळी जाळे लावतात, पहाटे काढतात. दिवसाउजेडी माशाला धागा दिसतो. अंधारात तो दिसत नाही. जाळ्याची वरची दोरी तरंगत राहते, खालची वजनाने बुडते आणि पाण्यात पडद्यासारखी भिंत उभी राहते. जाळ्याच्या प्रत्येक भोकाला आस म्हणतात. माशाचे डोके आसात शिरते, पण जाड अंग अडते. मागे फिरावे तर कल्ले धाग्यात गुंततात. लहान मासा आरपार निघून जातो, फार मोठ्याचे डोके आत शिरतच नाही. अर्थात कोणता मासा मिळणार, हे आस विणतानाच ठरलेले असते.

येथेच खरी अडचण आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. परंतु तिघेही साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचा पूर लागतो. म्हणून त्यांची पिले बाहेर वाढवून जलाशयात सोडावी लागतात. बोटाएवढ्या पिलाला बोटुकली म्हणतात. १९५७ साली हीरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने ओडिशात माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून अंडी घालविली, आणि मत्स्यबीजासाठी केवळ नदीच्या पुरावर विसंबण्याचे कारण उरले नाही. १९५२ साली भारतात आणलेल्या चिलापीला मात्र यातले काहीच लागत नाही. ती उथळ, स्थिर पाण्यात अंडी घालते व ती तोंडात धरून सांभाळते. तिची प्रजा झपाट्याने वाढते.

सोडलेली बोटुकली बारीक आसाच्या जाळ्यात सापडली, तर तिचे वजन मूठभरही भरत नाही. तीच राहिली आणि खाद्य पुरेसे मिळाले, तर वर्षभरात कटला किलोच्या घरात जाऊ शकतो. मच्छीमाराला हे ठाऊक नसते असे नाही. पण पाणी साऱ्यांचे असते. एकाने मोठ्या आसाचे जाळे लावून लहान मासा सोडला, तर तो पलीकडच्याच्या बारीक जाळ्यात अडकतो. सोडणाऱ्याची टोपली तेवढी रिकामी राहते. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची चिंता आहे, त्याला पुढल्या वर्षीचा मासा दाखवून थांबविणे सोपे नाही. म्हणून आस किती असावा, हे एकेकट्याने ठरवून भागत नाही. पाण्यावर पोट असलेल्या सर्वांना एकत्र बसून ते ठरवावे लागते, आणि मग रात्री, कोणी पाहत नसताना, तेच जाळे पाण्यात सोडावे लागते.