न फोडलेले चिंचोके

अष्टाचंगा खेळायचा तर आधी चिंचोके फोडावे लागतात. एक बाजू काळी, एक पांढरी. अशा फाडी मुठीत खुळखुळवून टाकायच्या आणि पडेल ते दान मुकाट घ्यायचं. अर्जुनी मोरगावच्या आमच्या घरी त्यांचा डबा अजून आहे. या उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला आणि त्याने चिंचोके मागितले, पण अख्खे. "फोडू नका मामा, या खेळात दान पडत नाही."

त्याच्या पिशवीत 2003 साली मार्व्हल कंपनीने स्वतःच काढलेल्या भूमिका-खेळाचं पुस्तक होतं, मार्व्हल युनिव्हर्स रोलप्लेइंग गेम. एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी एकेक महानायक व्हायचं आणि संकट आलं की आपण काय करू ते सांगायचं. अशा बहुतेक खेळांत यशापयश फासे ठरवतात. इथे ते ठरतं खड्यांवर: लाल खडे म्हणजे ताकद, पांढरे म्हणजे प्रकृती. लालच्या जागी आम्ही चिंचोके घेतले, पांढरे अंगणातून वेचले.

फाशांशिवायचा हा काही पहिलाच खेळ नव्हे. 1991 च्या 'अँबर'मध्ये प्रत्येकाला 100 गुण मिळतात आणि बळ, युद्धकौशल्य वगैरेंसाठी चक्क लिलावात बोली लावावी लागते. पण तिथली मुख्य वाटणी खेळाच्या आरंभी होते. खड्यांच्या खेळात ती दर फेरीला करावी लागते. फेरीला नाव आहे पॅनेल, म्हणजे चित्रकथेतली एक चौकट.

समजा, तुमच्या ढिगात जास्तीत जास्त 15 चिंचोके मावतात आणि दर फेरीला 5 परत मिळतात. हल्ला, बचाव, धावणं, भिंत उचलणं, ज्यात त्यात किती घालायचे ते तुम्ही ठरवायचं. मात्र बळ 6 असेल तर बळाच्या कामात सातवा घालता येत नाही, ढीग कितीही मोठा असो. समोरच्याने बचावात 3 ठेवले आणि तुम्ही 5 घातले, तर 2 चा मार बसला. तुम्ही 3 च घातले असते तर काहीच झालं नसतं, आणि खर्चलेले तीनही गेले. आमच्याकडे दोघं मुठीत धरून एकदम उघडतात.

मला हे लगेच उमगलं, कारण आमच्याकडे असा हिशेब पाण्याचा चालतो. गोंदिया, भंडारा हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी इथे पिढ्यानपिढ्या तलाव बांधले, नवेगावबांधचा तलाव त्यांतलाच. मालगुजारी गेली तरी माजी मालगुजारी तलाव राहिले, आणि लोकांच्या तोंडी ते झाले मामा तलाव. पाऊस दडी मारतो तेव्हा धान गर्भात असतो आणि तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायचं ते कुणाच्या बांधीसाठी, किती वेळ, हे तेव्हाच ठरवावं लागतं. रोवणीलाच सगळं सोडून दिलं तर पुढे काय?

तरी पहिल्या डावात मी हरलो, तो याच सवयीने. जपत बसलो. ढीग 15 वर भरलेला, आणि दोन फेऱ्यांचे परत मिळणारे दहा चिंचोके मला घेताच आले नाहीत. तलाव भरल्यावर आलेलं पाणी सांडव्यावरूनच जाणार, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, ढीग बघू नका, दर फेरीला किती येतात ते बघा." हा नियम मला या खेळाचा जीव वाटतो. मार बसला की पांढरा खडा जातो, आणि प्रकृती ढासळली की परत मिळणारी ताकदही कमी होते. पाणलोट अडला की तलावाचा येवा घटतो, तसं. म्हणून बचावात घातलेला चिंचोका वाया गेल्यासारखा वाटला तरी तो पुढच्या सगळ्या फेऱ्यांचं येणं राखतो.

अष्टाचंग्यात हरलं की दानाला बोल लावता येतो. इथे नाही. काय घातलं, काय राखलं, सगळं तुमचंच, आणि मुलांना हे फार आवडलं.

शेवटचा डाव भाच्याने इटियाडोह धरणावर रचला. भिंतीला तडा गेलेला, समोर शत्रू. माझ्या दहा वर्षांच्या मुलीकडे 9 चिंचोके उरले होते. तडा किती ताकदीने सांधेल, ते भाचा सांगेना. तिने बळाची मर्यादा गाठून 6 भिंतीला दिले, 3 बचावाला, हल्ल्याला एकही नाही. मुठी उघडल्या. शत्रूचे 4 निघाले. भिंत टिकली, आणि तिचा एक पांढरा खडा भाच्याने उचलून बाजूला ठेवला.

पुढच्या फेरीला तिला पाचाऐवजी चारच मिळाले. ते चार चिंचोके तळहातावर घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.