चारही चाकांनीं ओढणारी जुनी लहान मोटार : खरेदी व दुरुस्ती

घाटमाथा, मावळ व कोंकणपट्टी या भागांतील शेतकऱ्यास पावसाळ्याचे चार महिने वाटेची मोठी अडचण पडते. डांबरी सडक वस्तीपाशीं संपते आणि तेथून शेतापर्यंतची पाणंद चिखलानें भरून जाते. साधी मोटार तेथें रुतते. ट्रॅक्टर जातो खरा, परंतु त्यावर आजारी माणसास घालून तालुक्याच्या गांवीं नेणें बरें नव्हे. अशा ठिकाणीं यंत्राची ओढ चारही चाकांस पोंचविणारी लहान मोटार फार उपयोगी पडते. नवी घेणें सर्वांस परवडत नाहीं, म्हणून पुष्कळ शेतकरी जुन्या गाडीकडे वळतात. अशा खरेदींत पैसा कोठें बुडतो व तो कसा वांचवावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

या जातीच्या गाड्यांची आपल्याकडील सुरुवात मुंबईंत झाली. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें अमेरिकन विलिस जीप येथें जुळविण्यास प्रारंभ केला. पुढें डिसेंबर १९८५ मध्यें मारुती कंपनीची जिप्सी निघाली. तिचें पहिलें यंत्र ९७० घनसेंटिमीटरचें होतें. १९९६ पासून 'जिप्सी किंग' या नांवानें १,२९८ घनसेंटिमीटरचें यंत्र आलें, आणि २००० सालीं त्याची शक्ति ८० अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यांत आली. मजबूत चासी, चारही चाकांस पाटे आणि सुमारें एक टन वजन, यांमुळें ही गाडी चिखलांतून हलकेच निघते व साध्या मिस्त्रीच्याही हातीं दुरुस्त होते. ती पेट्रोल पिते, हा खर्च मात्र आधींच हिशेबांत धरावा. २०१९ पासून सामान्य ग्राहकास ती नवी मिळत नाहीं. म्हणून बाजारांत दिसेल ती जुनीच असणार. पुढील विवेचन या गाडीस धरून केलें आहे, तथापि बहुतेक गोष्टी जुन्या जीपलाही लागू पडतात.

प्रथम कागद, मग गाडी. जमीन घेतांना आपण सातबारा पाहिल्यावांचून विसार देत नाहीं. मोटार घेतांना मात्र शहाणीं माणसेंही रंग पाहून पैसे मोजतात. आम्ही महसूल खात्याच्या दप्तरांत आयुष्य घालविलें असल्यानें त्याच भाषेंत सांगतों. नोंदणी प्रमाणपत्र हा मोटारीचा सातबारा होय. त्यावरील नांव म्हणजे कब्जेदार, आणि बँकेच्या कर्जाची नोंद म्हणजे इतर हक्कांतील बोजा. बँकेचा दाखला व नमुना ३५ देऊन हा बोजा उतरल्याखेरीज व्यवहार करूं नये. चासीवर ठोकलेला क्रमांक व यंत्रावरील क्रमांक प्रमाणपत्राशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. क्रमांक घांसलेला अगर पुन्हां ठोकलेला दिसला, तर गाडी कितीही स्वस्त असो, हात जोडून परत यावें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, मग तपासणी होऊन दर पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते; ती मुदत केव्हां संपते हेंही पाहावें. गाडी परराज्यांतील असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हातीं पाहिजे, आणि आपल्याकडील कर व नवा क्रमांक यांचा खर्च किंमतींत मिळवावा. लष्करांतून निकालांत निघालेली म्हणून गाडी दाखविली, तर लिलांवाचे मूळ कागद मागावे, आणि तिची नोंदणी होईल कीं नाहीं हें परिवहन कार्यालयांत विचारूनच पैसे द्यावे.

सौदा झाला कीं फेरफार आलाच. नमुना २९ व नमुना ३० यांवर सह्या करून नांवबदल करावा. एकाच राज्यांत विक्री झाली तर विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत कळवावें, असा कायदा आहे. विमा आपल्या नांवावर करण्याचा अर्जही चौदा दिवसांत करावा. खेड्यांत शंभर रुपयांच्या स्टँपावर लिहून गाडी देण्याघेण्याची चाल आहे; तिचा धोका विकणाऱ्यासही तितकाच आहे. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, गाडी मागाहून कितीही हातांत गेली असली, तरी नोंदणींत ज्याचें नांव तोच कायद्यानें मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. दुसऱ्यानें केलेल्या अपघातापायीं आपली जमीन विकण्याची पाळी यावी, याहून मोठें संकट कोणतें?

आतां गाडीकडे वळूं. या गाडीचा खरा शत्रु गंज. रंगाखालीं तो लपतो, म्हणून गाडी उंच करून खालून पाहावी. पायांखालचा पत्रा, चासीवर पेटी जेथें बसते त्या जागा, मागील चाकांच्या मागील भाग आणि पाट्यांच्या बैठकी बारीक हातोडीनें ठोकून पाहाव्या. आवाज खणखणीत आला तर ठीक. भदभद आला किंवा पापुद्रे निघाले तर समजावें. पत्रा बदलतां येतो, परंतु चासी कुजली असेल तर ती गाडी घेऊं नये. दोन्ही धुऱ्यांच्या गोळ्यांतील तेल थोडें काढून पाहावें. तें ताकासारखें पांढुरकें असेल तर आंत पाणी शिरलें आहे. पुढील चाकांच्या सांध्यांतून तेल गळत असेल, किंवा वेगांत सुकाणूचक्र हातांत थरथरत असेल, तर किंगपिनच्या बेअरिंगा झिजल्या आहेत असा संशय धरावा.

चारही चाकांची ओढ चालते कीं नाहीं, हें विकणाऱ्याच्या बोलण्यावर सोडूं नये. सपाट जागीं यंत्र बंद करून मागील चाकांपुढें व मागें दगड लावावे आणि पुढील एक चाक जॅकनें उचलावें. पुढील चाकांच्या मध्यभागीं जोडणीची कळ असल्यास ती दोन्हीकडे लावावी. दांडी दोन चाकांच्या जागीं असतांना उचललेलें चाक हातानें फिरलें पाहिजे, आणि त्याबरोबर खालचा पुढील शाफ्टही फिरला पाहिजे. नंतर दांडी चार चाकांच्या जागीं आणावी. आतां तेंच चाक अडलें पाहिजे. तसें न झाल्यास जोडणींत मोड आहे, आणि ज्या गुणासाठीं आपण गाडी घेतों तोच तिच्यांत नाहीं.

हा गुण वापरण्याचीही रीत आहे. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर तोडतात. चिखलांत चाक थोडें घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरी सडकेवर तो निघत नाहीं व सर्व ताण गिअरांवर येतो. म्हणून पक्क्या सडकेवर चारही चाकांची ओढ कधींही लावूं नये, आणि चारही टायर एकाच मापाचे ठेवावे. शिवाय पुढचें एक व मागचें एक चाक अधांतरीं झालें, तर गाडी जागची हलत नाहीं, कारण ओढ सैल चाकाकडेच पळते. ही गाडी सर्वत्र जाते, हा समज घातक आहे.

शेवटीं फेरबदलाविषयीं. गाडी हातीं आली कीं तरुण मुलांस ती उंच करण्याची, मोठे टायर लावण्याची, डिझेल यंत्र बसविण्याची हौस येते. गाडी आधींच उंच व अरुंद. आणखी उंच केल्यास बांधावर कलंडण्याचें भय वाढतें. मोठ्या टायरांनीं ब्रेक दुबळे पडतात व वेगदर्शक कांटा खरा वेग दाखवीत नाहीं. मागें जादा पाटा घातल्यास रिकामी गाडी उसळते. कायदाही आड येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणींतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तेंच ठांसून सांगितलें. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागें पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पुढें लोखंडी दांडे लावण्यासही केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें हरकत घेतली आहे. टक्कर झाल्यास समोरच्या पादचाऱ्यास त्यांनीं अधिक इजा होते.

म्हणून आमचा सल्ला असा कीं, योजलेल्या रकमेचा निदान चौथा हिस्सा खरेदींत न घालतां दुरुस्तीसाठीं मागें ठेवावा, आणि तो या क्रमानें खर्च करावा : प्रथम ब्रेक व सुकाणू, मग कारखान्यानें नेमलेल्या मापाचे, खोल नक्षीचे पांच टायर, मग गंज खरवडून खालील बाजूस संरक्षक लेप, नंतर पाट्यांचे बुश, रेडिएटर व सर्व तेलें. चासीस घट्ट बसविलेला ओढण्याचा हूक, जाड दोर, एक फावडें आणि चिखलांत जॅकखालीं ठेवण्यास फळी, एवढें सामान गाडींत असावें. पट्टे नसलेल्या जागीं माणसें बसवूं नयेत, आणि खासगी नोंदणीच्या गाडींतून भाड्यानें माल वाहूं नये. इतकें सांभाळल्यास जुनी गाडीही अनेक पावसाळे इमानानें सेवा देईल. ज्या बंधूंस अशी गाडी घ्यावयाची असेल त्यांनीं ती पावसाळ्यापूर्वीं, उन्हाळ्यांतच पाहावी, म्हणजे दुरुस्तीस वेळ मिळतो व ऐन गरजेच्या वेळीं चढा भाव द्यावा लागत नाहीं.