माळ फोडण्यापूर्वी थोडा विचार करा



अंथुर्णे गटात ऊसनोंदीला फिरताना कालव्याच्या वरच्या अंगाचा माळ दाखवून सभासद विचारतात, "साहेब, पाइपलाइन आणून हा पडाक फोडू का? तेवढाच दोन एकर ऊस वाढंल." प्रश्न रास्त आहे, पण उत्तर देताना जमीन पाहावी लागते.

माळावर वीतभर माती आणि खाली मुरूम. अशा जमिनीत पाणी ठरत नाही, दिलेले खत निचऱ्याबरोबर जाते, आणि लागण कशीबशी साधली तरी खोडवा मार खातो. उताराचा माळ नांगरला की पहिल्याच वळवाला माती ओढ्यात. उलट गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात आणि पाऊस जिरवतात. ते पाणी खालच्या विहिरींना मिळते.

मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी ही गवते एकदा मोडली की सहजी परत येत नाहीत. गाळप हंगामात वाढे मुबलक असते, हे खरे. पण वाढ्यात ऑक्झॅलेट जास्त. नुसत्या वाढ्यावर दुभत्या जनावराच्या अंगातले कॅल्शियम घटते. जोडीला वाळले गवत हवेच. हंगाम संपल्यावर तर गवताच्या गंजीचाच आधार.

या गवतावर धनगर बांधवांची मेंढरे जगतात, तशीच चिंकारा, लांडगा, खोकड आणि धाविक पक्षीही. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारा भोवत्या पक्षी नाकतोडे टिपतो आणि रात्री उंच गवतात मुक्काम करतो. लांडगा व चिंकारा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले, त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. आपल्या शेजारच्या कडबनवाडीच्या माळावर वन विभागाने २०२४ साली गवताळ प्रदेश सफारी सुरू केली. परंतु जनावराला हद्दीचा दगड कळत नाही; तुमचा-आमचा माळ राहिला तरच ते टिकेल.

त्यासाठी एवढे करावे:

१) माळाचे चार भाग पाडून दरवर्षी पाळीने एक भाग चराईला बंद ठेवावा.

२) निदान त्या भागातले गवत बी झडल्यावरच कापावे.

३) उन्हाळ्यात माळ पेटवू नये. टिटवी, चंडोल, धाविक जमिनीवरच अंडी घालतात.

४) वेडी बाभूळ शेंगा धरण्यापूर्वी मुळासकट काढावी.

५) झाडे बांधाला, विहिरीकडेला लावावीत, चांगल्या गवतात खड्डे घेऊ नयेत.

ऊस वाढवायचाच तर आहे त्या काळ्या रानात वाढवू. माती परीक्षण, बेणे प्रक्रिया, ठिबक आणि पाचट कुजवणे एवढे मन लावून केले, तरी एकरी उतारा वाढतो. माळ फोडायचा विचार असेल, तर जेसीबी सांगण्याआधी गट कार्यालयात एकदा जरूर या. जमीन समक्ष पाहून मगच ठरवू.

— ऊस विकास अधिकारी